बोर्डवरच्या चिठ्ठ्यांपासून ब्लॉगच्या मसुद्यापर्यंत: स्वयंचलित जोडणी कशी चालते

लेखाची कल्पना सुचण्यापासून तो प्रसिद्ध होण्यापर्यंतचे काम आता बहुतेक गटांमध्ये दोन वेगळ्या ठिकाणी होते. विचारमंथन, आराखडा आणि कोणी काय लिहायचे याची वाटणी मिरो, म्युरल किंवा फिगजॅमसारख्या ऑनलाइन व्हाइटबोर्डवर होते, तर प्रत्यक्ष लेख वर्डप्रेस, घोस्ट किंवा ब्लॉगर यांसारख्या प्लॅटफॉर्मवर उभा राहतो. या दोहोंच्या मधे जे काम उरते ती निव्वळ हमाली असते: बोर्डवरचा मजकूर कॉपी करून पेस्ट करायचा, चित्रे एकेक करून उतरवून पुन्हा चढवायची, शीर्षक आणि वर्ग भरायचे, आणि लेख प्रसिद्ध झाला की त्याची लिंक परत बोर्डवर आणून चिकटवायची. ही हमाली यंत्राकडे सोपवता येते आणि त्यासाठी लागणारी साधने आज सहज मिळतात. तरीही अशा जोडण्या सुरुवातीला कौतुकाने वापरल्या जातात आणि पुढे कोणाच्या लक्षातही न येता बंद पडतात, असे वारंवार दिसते. त्याचे कारण तांत्रिक क्वचितच असते. दोन प्रणाली जोडणे सोपे आहे. बोर्डवरच्या कोणत्या गोष्टीला लेख म्हणायचे आणि तो कधी तयार झाला असे मानायचे हे ठरवणे अवघड आहे, आणि नेमके तेच ठरवायचे राहून जाते.

दोन वेगळ्या कंपन्यांच्या प्रणाली एकमेकींशी बोलतात त्या एपीआयमार्फत. अमुक पत्त्यावर अमुक स्वरूपाची विनंती पाठवली तर अमुक स्वरूपाचे उत्तर मिळेल, असे एखाद्या प्रणालीने बाहेरच्या प्रोग्रामना जाहीर करून ठेवलेले असते, त्याला एपीआय म्हणतात. माणूस पडद्यावर बटणे दाबून जे करतो, त्यातले बरेचसे प्रोग्रामला या मार्गाने करता येते. वर्डप्रेस २००३ साली आले, पण लेख वाचण्या-लिहिण्यासाठीचा रेस्ट एपीआय त्याच्या गाभ्यात आला तो डिसेंबर २०१६ मधील ४.७ या आवृत्तीपासून. त्याआधी एक्सएमएल-आरपीसी नावाच्या जुन्या पद्धतीवर भागवावे लागत असे. घोस्टमध्ये ॲडमिन एपीआय या नावाने तशीच सोय आहे. रिअलटाइमबोर्ड या नावाने सुरू झालेल्या आणि २०१९ पासून मिरो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बोर्डालाही स्वतःचा एपीआय आहे. मीडियम या ब्लॉग प्लॅटफॉर्मने मात्र नव्या जोडण्यांसाठी आपला एपीआय बंद केला आहे, त्यामुळे प्लॅटफॉर्म निवडण्यापूर्वीच ही बाब तपासून घेतलेली बरी.

बोर्ड जागेत विचार करतो, लेख ओळीत

मिरोच्या एपीआयकडे एखाद्या बोर्डवरील वस्तूंची यादी मागितली की प्रत्येक स्टिकी नोटसाठी, म्हणजे प्रत्येक चिठ्ठीसाठी, एक नोंद परत येते. तिच्यात चिठ्ठीचा ओळखक्रमांक, एचटीएमएलच्या (वेबपानाची मांडणी सांगणाऱ्या भाषेच्या) खुणांसकट मजकूर, रंग, आकार, आडवे व उभे स्थान, ती कोणत्या फ्रेममध्ये, म्हणजे बोर्डवर आखलेल्या कोणत्या चौकटीत आहे, कोणी व केव्हा तयार केली आणि तिच्यात शेवटचा बदल कोणी व केव्हा केला, एवढी माहिती असते. या नोंदीत काय नसते ते पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. ही चिठ्ठी मुख्य मुद्दा आहे की पोटमुद्दा, ती शेजारच्या चिठ्ठीच्या आधी वाचायची की नंतर, ती लेखात जायची आहे की कोणीतरी जाता जाता मारलेला शेरा आहे, यांपैकी काहीही तिथे लिहिलेले नसते. बोर्डसमोर बसलेल्या माणसांना ते जागेवरून, रंगावरून आणि झालेल्या चर्चेच्या आठवणीवरून कळते. प्रोग्रामपाशी चर्चेची आठवण नसते.

साधा वाटणारा क्रमाचा प्रश्न घ्या. एका फ्रेममध्ये वरच्या ओळीत तीन चिठ्ठ्या शेजारी शेजारी लावलेल्या आहेत आणि चौथी त्यांच्या खाली आहे. मिरोमध्ये फ्रेममधील वस्तूचे स्थान फ्रेमच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजले जाते आणि ते वस्तूच्या मध्यबिंदूचे असते. समजा, वरच्या ओळीतील तीन चिठ्ठ्यांची आडवी स्थाने १५०, ३८० आणि ६१० अशी आहेत आणि उभी स्थाने अनुक्रमे २१४, २०८ आणि २११. डोळ्यांना ही सरळ ओळच दिसते, कारण हाताने लावलेल्या चिठ्ठ्यांत पाच-सहा एककांचा फरक कोणाच्या लक्षात येत नाही. प्रोग्रामला मात्र ‘वरून खाली वाच’ एवढेच सांगितले असेल, तर तो २०८, २११, २१४ असा क्रम लावतो आणि लेखाचा मसुदा दुसऱ्या मुद्द्याने सुरू होऊन तिसऱ्यावर जातो, मग पहिल्याकडे परततो. यावर उपाय असा की उभ्या स्थानांतील फरक चिठ्ठीच्या निम्म्या उंचीपेक्षा कमी असेल तर त्या चिठ्ठ्या एकाच ओळीतल्या मानायच्या, आणि मग प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे जायचे. चिठ्ठ्या बाणांनी जोडलेल्या असतील तर काम आणखी सोपे होते, कारण बाण कोणत्या वस्तूपासून निघतो आणि कोणत्या वस्तूपाशी संपतो हे एपीआय स्पष्ट सांगतो. पण बाण काढायला माणसे विसरतात, आणि मधली एक चिठ्ठी सुटली की साखळीच तुटते.

माझ्या मते यातला सर्वांत टिकाऊ मार्ग तंत्राचा नसून शिस्तीचा आहे. एक लेख म्हणजे एक फ्रेम. फ्रेमचे नाव म्हणजे लेखाचे शीर्षक. फ्रेमच्या आत चिठ्ठ्यांचा एकच उभा स्तंभ. एका ठरावीक रंगाच्या चिठ्ठ्या म्हणजे उपशीर्षके. आणि फ्रेमच्या बाहेर जे काही असेल ते यंत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. एवढे नियम बोर्डच्या कोपऱ्यात लिहून ठेवले तर प्रोग्रामला फारशी हुशारी दाखवावी लागत नाही. काही जण याला मोकळ्या विचारमंथनावरचे बंधन म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे. म्हणून विचारमंथनाचा भाग मोकळाच ठेवावा आणि त्यातून निवडलेल्या चिठ्ठ्या हाताने लेखाच्या फ्रेममध्ये आणाव्यात. ती निवड हेच संपादनाचे पहिले काम असते आणि ते यंत्राला देण्यासारखे नाही.

इथेच आणखी एक खाच आहे. वस्तूंची यादी एका दमात मिळत नाही. मिरोचा एपीआय आपणहून सांगितले नाही तर एका वेळी १० नोंदी देतो आणि जास्तीत जास्त ५० देतो. पुढच्या नोंदींसाठी उत्तरासोबत आलेली खूण जोडून पुन्हा विचारावे लागते. चाचणी घेताना फ्रेममध्ये चार-पाचच चिठ्ठ्या असतात, त्यामुळे सगळे सुरळीत दिसते. खऱ्या लेखाच्या वेळी अकरावी चिठ्ठी येते आणि कोणतीही तक्रार न करता गळून जाते. वर्डप्रेसकडून लेखांची यादी मागवतानाही हाच प्रकार होतो. तिथे मूळ मर्यादा १० आणि कमाल १०० आहे.

‘तयार’ कधी म्हणायचे

स्वयंचलित कामाच्या प्रत्येक साखळीला एक ट्रिगर असतो, म्हणजे ती साखळी सुरू करणारी घटना, आणि तिच्यामागून येणाऱ्या एक किंवा अनेक कृती असतात. ट्रिगर कळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात आपला प्रोग्राम ठरावीक अंतराने बोर्डकडे जाऊन ‘काही नवे आहे का’ असे विचारत राहतो; याला पोलिंग म्हणतात. दुसऱ्यात बदल होताच बोर्डच आपल्या पत्त्यावर निरोप धाडतो; तो वेबहुक. दर काही मिनिटांनी दार उघडून कोणी आले आहे का ते पाहणे आणि दारावरची घंटा वाजण्याची वाट पाहणे, एवढाच दोहोंत फरक आहे. घंटा अर्थातच सोयीची, पण बोर्डच्या बाबतीत ती फार वेळा वाजण्याचा धोका असतो, कारण पाच माणसे एकाच वेळी बोर्डवर काम करत असताना अक्षरशः दर क्षणाला काहीतरी बदलत असते. शिवाय वेबहुकचा निरोप पोहोचवला जात असताना आपला सर्व्हर बंद असेल तर तो निरोप कायमचा हुकू शकतो. लेख प्रसिद्ध करण्याच्या कामात दहा-पंधरा मिनिटांच्या उशिराने कोणाचे काही बिघडत नाही, त्यामुळे इथे साधे पोलिंग मला अधिक भरवशाचे वाटते.

पण नवी चिठ्ठी लागली किंवा जुनी बदलली याला ट्रिगर मानणे ही मुळातच चुकीची निवड आहे. चिठ्ठी बदलली याचा अर्थ कोणीतरी विचार करत आहे एवढाच होतो. तयारीची खूण माणसाने जाणीवपूर्वक केलेली हवी, आणि त्यासाठी टॅग, म्हणजे वस्तूला लावायचे छोटे लेबल, उत्तम. ‘मसुद्यासाठी तयार’ असा टॅग शीर्षकाच्या चिठ्ठीवर किंवा कार्डावर लावला की त्या फ्रेमचा लेख पुढे पाठवायचा. टॅग नसेल तर फ्रेममध्ये कितीही उलथापालथ झाली तरी हात लावायचा नाही. मिरोच्या एपीआयमध्ये विशिष्ट टॅग असलेल्या वस्तू तेवढ्या मागवता येतात, त्यामुळे संपूर्ण बोर्ड दर वेळी चाळावा लागत नाही. याचा दुसरा फायदा मर्यादेच्या हिशेबात होतो. एका मिनिटात किती विनंत्या करायच्या यावर प्रत्येक सेवेचे बंधन असते. मिरोमध्ये ते क्रेडिटच्या रूपात मोजले जाते, प्रत्येक ॲपला दर वापरकर्त्यामागे मिनिटाला १,००,००० क्रेडिट मिळतात आणि विनंतीच्या प्रकारानुसार ती खर्ची पडतात. मर्यादा ओलांडली की ४२९ हा सांकेतांक परत येतो. तो आल्यावर लगेच पुन्हा विनंती करण्याऐवजी दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबून प्रयत्न करायचा असतो.

किल्ली कोणाकडे आणि किती दारांची

प्रोग्रामला बोर्ड वाचायची आणि ब्लॉगवर लिहायची परवानगी द्यावी लागते. मिरो यासाठी ओऑथ २.० ही पद्धत वापरते. तिच्यात प्रोग्रामला आपला पासवर्ड न देता एक टोकन दिले जाते, आणि त्या टोकनला फक्त वाचता येईल की लिहिताही येईल हे देतानाच ठरते. मुदतीचे टोकन निवडले तर ते एका तासात संपते आणि त्यासोबतच्या दुसऱ्या टोकनच्या आधारे नवे मिळवावे लागते; त्या दुसऱ्या टोकनची मुदत ६० दिवसांची असते. वर्डप्रेसमध्ये डिसेंबर २०२० मधील ५.६ या आवृत्तीपासून ॲप्लिकेशन पासवर्ड मिळतात. ते मुख्य पासवर्डपासून वेगळे असतात, प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र तयार करता येतात आणि शंका आली तर बाकी काही न बिघडवता तेवढेच रद्द करता येतात.

वर्डप्रेसमध्ये या प्रोग्रामसाठी कोणत्या भूमिकेचे खाते उघडायचे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण सगळ्या व्यवस्थेची सुरक्षितता त्यावर अवलंबून असते. घाईत प्रशासकाचेच खाते वापरले जाते आणि मग प्रोग्राममधली एक चूक संपूर्ण संकेतस्थळाला भोवू शकते. ‘कॉन्ट्रिब्युटर’ ही भूमिका आपल्या कामाला जवळपास नेमकी बसते: तिला मसुदा लिहिता येतो, प्रसिद्ध करता येत नाही, आणि आपलाच लेख एकदा प्रसिद्ध झाल्यावर त्यात बदलही करता येत नाही. म्हणजे संपादकाने लेख प्रसिद्ध केला की यंत्र त्यावर पुन्हा लिहील ही भीतीच उरत नाही. अडचण एवढीच की या भूमिकेला चित्रे चढवता येत नाहीत. त्यापुढची ‘ऑथर’ ही भूमिका चित्रे चढवू शकते, पण तिला स्वतःचे लेख प्रसिद्धही करता येतात. यातून मार्ग म्हणजे स्वतंत्र भूमिका तयार करून तिला मसुदा लिहिण्याचा आणि फाइल चढवण्याचा अधिकार द्यायचा, प्रसिद्ध करण्याचा नाही. भूमिका संपादित करणारे कोणतेही प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसमध्ये बसवायचा पूरक प्रोग्राम, हे काम करून देते.

या मर्यादित खात्याचा आणखी एक फायदा आहे. बोर्डवर पाहुण्यांनाही लिहिता येत असेल, तर चिठ्ठीतून काय येईल याची खात्री नसते. एरवीच्या संकेतस्थळावर प्रशासक आणि संपादक यांनी लिहिलेले कसलेही एचटीएमएल वर्डप्रेस जसेच्या तसे ठेवते, मात्र खालच्या भूमिकांच्या मजकुरातील स्क्रिप्टसारख्या धोकादायक खुणा ते स्वतःच काढून टाकते.

मसुदा तयार होताना

आता प्रत्यक्ष लेखन. लेख तयार करण्याच्या विनंतीत शीर्षक, मजकूर आणि स्थिती पाठवली की वर्डप्रेस नवा लेख निर्माण करून त्याचा क्रमांक परत देते. स्थिती ‘मसुदा’ अशीच पाठवावी, असे माझे ठाम मत आहे. बोर्डवरचा टॅग ही लेख पुढे नेण्याची परवानगी आहे, वाचकांसमोर ठेवण्याची नव्हे. मजकूर साध्या एचटीएमएलमध्ये पाठवला तर तो उघडल्यावर एकाच मोठ्या ‘क्लासिक’ ब्लॉकमध्ये दिसतो, कारण डिसेंबर २०१८ मधील ५.० आवृत्तीपासून वर्डप्रेसचा लेखन-संपादनाचा पडदा ब्लॉकवर, म्हणजे परिच्छेद किंवा चित्रासारख्या स्वतंत्र तुकड्यांवर, आधारलेला आहे आणि प्रत्येक ब्लॉकची सुरुवात व शेवट सांगणाऱ्या खुणा मजकुरात असाव्या लागतात. या खुणा प्रोग्रामनेच घातल्या तर संपादकाचे काम पुष्कळ हलके होते.

वर्ग आणि टॅग नावाने पाठवून चालत नाहीत. वर्डप्रेसला त्यांचे क्रमांक लागतात. त्यामुळे बोर्डवरच्या ‘मुलाखत’ या टॅगशी जुळणाऱ्या वर्गाचा वर्डप्रेसमधला क्रमांक आधी शोधून घ्यावा लागतो. न सापडल्यास नवा वर्ग आपोआप तयार करू नये. तसे केले तर शुद्धलेखनाच्या प्रत्येक चुकीगणिक एक नवा वर्ग उभा राहतो.

चित्रांच्या बाबतीत नवखी जोडणी हमखास फसते. बोर्डवरच्या चित्राची एपीआयने दिलेली लिंक थेट लेखात टाकली तर ज्याने जोडणी केली त्याला चित्र दिसते, इतरांना दिसत नाही, किंवा आज दिसते आणि काही काळाने नाहीसे होते, कारण ती लिंक परवानगीवर चालणारी आणि तात्पुरती असते. योग्य क्रम असा की चित्र आधी उतरवून घ्यायचे, मग वर्डप्रेसच्या मीडिया संग्रहात चढवायचे, त्याचा क्रमांक मिळवायचा, आणि तो क्रमांक लेखाच्या मुख्य चित्राच्या रकान्यात किंवा मजकुरातील चित्राच्या ब्लॉकमध्ये घालायचा. दृष्टिबाधित वाचकांसाठीचे पर्यायी वर्णन चढवतानाच भरावे. नंतर ते कोणी भरत नाही.

देवनागरीत शीर्षके देणाऱ्यांनी स्लगकडे, म्हणजे लेखाच्या पत्त्यातील शेवटच्या तुकड्याकडे, वेगळे लक्ष द्यावे. वर्डप्रेस शीर्षकावरून स्लग आपोआप बनवते आणि त्याची कमाल लांबी २०० चिन्हांची असते. देवनागरीतील प्रत्येक वर्णाला यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन चिन्हांनी लिहिला जातो, म्हणजे एका वर्णामागे नऊ चिन्हे खर्ची पडतात. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्त हे सारे स्वतंत्र वर्ण म्हणून मोजले जातात, त्यामुळे सुमारे २२ वर्णांनंतर स्लग तुटतो, आणि तो कुठे तुटेल याला अर्थाचे बंधन नसते. दोन लांब शीर्षकांची सुरुवात सारखी असेल तर त्यांचे स्लगही सारखे होतात आणि वर्डप्रेस दुसऱ्याच्या शेवटी अंक जोडून मोकळे होते. म्हणून बोर्डवरच्या फ्रेममध्ये स्लगसाठी एक छोटी स्वतंत्र चिठ्ठी ठेवून तीच पाठवणे श्रेयस्कर. हे पाच मिनिटांचे काम पुढे पत्ते बदलण्याची कटकट वाचवते.

प्रसिद्धीची वेळ बोर्डवरून पाठवायची असेल तर ती संकेतस्थळाच्या वेळेनुसार आहे की यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार, हे एकदा ठरवून घ्यावे. वर्डप्रेस दोन्हींसाठी वेगळे रकाने देते.

एकच लेख दोनदा, आणि न संपणारी फेरी

समजा, आपल्या प्रोग्रामने मसुदा तयार करण्याची विनंती पाठवली, वर्डप्रेसने मसुदा तयारही केला, पण उत्तर परत येताना जोडणी तुटली. प्रोग्रामच्या दृष्टीने विनंती अयशस्वी झाली, म्हणून तो ती पुन्हा पाठवतो आणि एकाच लेखाचे दोन मसुदे तयार होतात. हे टाळायचे तर कोणत्या फ्रेमचा कोणता लेख, याची नोंद कुठेतरी हवी. त्यासाठी एक साधी तक्ता-फाइल पुरते: एका रकान्यात फ्रेमचा ओळखक्रमांक, दुसऱ्यात लेखाचा क्रमांक, तिसऱ्यात शेवटी पाठवलेल्या मजकुराचा ठसा. विनंती पाठवण्यापूर्वीच फ्रेमची ओळ भरून ‘सुरू आहे’ असे लिहायचे आणि उत्तर आल्यावर लेखाचा क्रमांक घालायचा. प्रोग्राम पुन्हा सुरू झाला आणि त्याला ‘सुरू आहे’ अशी अर्धवट ओळ दिसली, तर नवा मसुदा करण्याआधी त्याने ब्लॉगवरच्या अलीकडच्या मसुद्यांत तो शीर्षकावरून शोधायचा.

तिसऱ्या रकान्यातला ठसा म्हणजे संपूर्ण मजकुरावरून गणिताने काढलेली एक छोटी संख्या, जिला हॅश म्हणतात. मजकुरात एक अक्षर बदलले तरी ती बदलते. शेवटच्या बदलाच्या वेळेपेक्षा ही संख्या अधिक विश्वासार्ह असते, कारण वेळ सांगते की कोणीतरी हात लावला, आणि हॅश सांगते की मजकूर खरोखर बदलला.

उलट दिशेचा प्रवास सुरू केला की ही नोंद आणखी महत्त्वाची होते. लेख प्रसिद्ध झाल्यावर बोर्डवरच्या कार्डाचा रंग बदलावा आणि त्यावर लेखाची लिंक यावी, ही अपेक्षा रास्त आहे. घोस्टमध्ये लेख प्रसिद्ध होताच वेबहुक पाठवण्याची सोय आधीपासून असते, आणि वर्डप्रेसमध्ये लेखाची स्थिती बदलण्याच्या क्षणी चालणाऱ्या हुकवर (आपला कोड जोडण्यासाठी ठेवलेल्या जागेवर) छोटे प्लगइन बसवून तेच साधता येते. पण बोर्डवर लिंक लिहिणे हाही बोर्डवरचा बदलच असतो. तो बदल ट्रिगर म्हणून पकडला गेला तर प्रोग्राम लेख पुन्हा अद्ययावत करतो, त्यामुळे बोर्डवर पुन्हा लिहिले जाते, आणि फेरी काही संपत नाही. शेवटचा बदल आपल्याच प्रोग्रामच्या खात्याने केला असेल तर तो दुर्लक्षित करावा आणि मजकुराच्या हॅशमध्ये लिंकचा भाग धरू नये, एवढी खबरदारी पुरेशी असते.

या सगळ्याच्या मुळाशी एक प्रश्न आहे: कोणत्या टप्प्यावर कोणत्या ठिकाणचा मजकूर खरा? दोन्हीकडे संपादन करू द्यायचे आणि दोन्हीकडचे बदल एकमेकांत मिसळायचे, ही कल्पना आकर्षक वाटते, पण ती करू नये. मसुदा तयार होईपर्यंत बोर्ड खरा, मसुदा तयार झाल्यानंतर ब्लॉग खरा, आणि त्यानंतर बोर्डकडे फक्त स्थिती आणि लिंक परत जाईल, हा नियम कोरडा असला तरी चालतो. घोस्टने तर याची काळजी एपीआयमध्येच घेतली आहे: लेख बदलताना शेवटच्या बदलाची आपल्याला माहीत असलेली वेळ सोबत पाठवावी लागते, आणि दरम्यान दुसऱ्या कोणी तो बदलला असेल तर विनंती नाकारली जाते.

साधन कोणते घ्यावे

वेगवेगळ्या सेवा एकमेकींना जोडून देणाऱ्या साधनांपैकी झॅपियर, मेक आणि एन-एट-एन ही तिन्ही नावे या कामात सर्रास येतात. झॅपियर सर्वांत सोपे आणि ठरावीक चौकटीत चालणारे. मेकमध्ये, म्हणजे पूर्वीच्या इंटिग्रोमॅटमध्ये, साखळी चित्ररूपात मांडता येते आणि फाटे फोडणे सोयीचे जाते. एन-एट-एन स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते. चिठ्ठ्यांचा क्रम लावण्यासारखे काम तयार चौकटींत सहसा नसते, त्यामुळे कुठलेही साधन घेतले तरी कोडच्या वीस-तीस ओळी कुठेतरी लिहाव्याच लागतात. महिन्याला मोजकेच लेख जात असतील आणि गटात कोड लिहिणारी व्यक्ती असेल, तर ठरावीक वेळी चालणारी एक छोटी स्क्रिप्ट मला या तिन्हींपेक्षा बरी वाटते; तिच्यात काय चालले आहे ते एका पानावर वाचता येते.

चिठ्ठ्या आणि मसुदा यांच्या मधे भाषिक मॉडेल, म्हणजे मजकूर लिहिणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, बसवून मुद्द्यांचा सलग मजकूर करून घेण्याची पद्धत आता रुळली आहे. ते करायला हरकत नाही, पण मॉडेलने भरलेला मजकूर आणि चिठ्ठीतला मूळ मुद्दा हे दोन्ही मसुद्यात शेजारी दिसायला हवेत, नाहीतर चिठ्ठीत नसलेले एखादे विधान कुठून आले ते संपादकाला कळतच नाही. बोर्ड पाहुण्यांसाठी खुला असेल तर चिठ्ठीत लिहिलेली सूचना मॉडेल आपल्यासाठीचीच आज्ञा समजू शकते, हेही ध्यानात ठेवावे. अशा टप्प्यानंतर यंत्राला प्रसिद्धीचा अधिकार न देण्याचे आणखी एक कारण मिळते.

राहिला प्रश्न पुसण्याचा. बोर्डवरची फ्रेम कोणी काढून टाकली तर मसुद्याचे काय करायचे? काहीच करू नये. बोर्ड आवरताना माणसे बिनदिक्कत पुसतात, कारण तिथे ते स्वस्त असते. त्या पुसण्याचा परिणाम ब्लॉगवर होता कामा नये. तक्त्यातल्या ओळीपुढे ‘फ्रेम सापडत नाही’ असे लिहून संपादकाला कळवणे एवढेच यंत्राचे काम. आणि संपूर्ण जोडणी कोणा एका सदस्याच्या वैयक्तिक खात्यावर उभी करू नये. तो सदस्य गट सोडून जातो, त्याचे खाते बंद होते, टोकन निकामी होते आणि प्रत्येक विनंतीला ४०१, म्हणजे ‘ओळख पटली नाही’, हे उत्तर येऊ लागते, पण ते वाचणारे कोणीच नसते. म्हणून दोन्ही बाजूंना जोडणीसाठी स्वतंत्र खाते उघडावे, आणि सलग तीन विनंत्या फसल्या की गटाच्या सामाईक पत्त्यावर ईमेल जाईल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करून ठेवावी.